अळंबीचे बी आणि कपाटातले सूक्ष्मदर्शक

आषाढ सरत आला की आपल्या गोव्यात रस्त्याच्या कडेला छत्री उघडून बसलेल्या बायका दिसू लागतात. समोर पाने अंथरलेली आणि पानांवर अळंब्यांचे वाटे मांडलेले. गाडी थांबते, भाव विचारला जातो, थोडी घासाघीस होते आणि वर्षातली सर्वांत महाग भाजी घरी येते. श्रावण पाळणाऱ्या घरांत त्या दिवशी अळम्यांचे तोणक शिजते आणि शेजारच्या घरापर्यंत वास जातो. आम्हीही ही भाजी आवडीने खातो. तेव्हा आज जे लिहीत आहोत ते कुणाच्या ताटातले काढून घेण्यासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलीने दप्तरातून कागदात गुंडाळलेली एक अळंबी आणली. बाजारात मिळते तशी मिटलेली कळी नव्हती, पूर्ण उमललेली छत्री होती. विज्ञानाच्या तासाला ती टेबलावर ठेवून तिने विचारले, "बाई, चिकूला बी असतं, फणसाला असतं. ह्याला बी कुठं असतं?" उत्तर पुस्तकात होते आणि ते बाईंना पाठही होते. कवकांचे प्रजनन बीजाणूंद्वारे होते, वगैरे. मुलीने ते ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न केला, "मग ते दिसतात का?"

या साध्या प्रश्नाने आमची पंचाईत झाली. कारण दिसतात हे आम्हाला ठाऊक होते, पण आपल्या शाळेत ते कुणी पाहिल्याचे आठवेना. प्रयोगशाळेच्या कपाटात सहा सूक्ष्मदर्शक यंत्रे आहेत. वर्षातून दोनदा ती बाहेर निघतात, कांद्याचा पापुद्रा दाखवला जातो आणि पुन्हा कुलूप लागते. त्या दिवशी कपाट उघडले तेव्हा सहांपैकी दोनच यंत्रे धड चालत होती. बाकीच्यांच्या भिंगांवर बारीक जाळे पसरले होते. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेने भिंगावरच बुरशी धरली होती! ज्या कवकांचा अभ्यास त्या यंत्रांनी करायचा, त्याच कवकांनी बंद कपाटात यंत्रांचा ताबा घेतला होता. हसावे की रडावे कळेना.

चालू असलेल्या दोन यंत्रांवर आम्ही काम सुरू केले. त्यातून जे दिसले, त्यावरून आमचे एक ठाम मत बनले आहे. आपल्या शाळेत दर पावसाळ्यात प्रत्येक वर्गाने निदान एकदा तरी अळंबीचे बीजाणू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. ही गंमत म्हणून नव्हे, नेमाने केलेला अभ्यास म्हणून. आणि हा अभ्यास नुसत्या विज्ञानाच्या गुणांसाठी नाही. आपल्या गावची अळंबी पुढच्या पिढीला मिळणार की नाही, या प्रश्नाशी तो थेट जोडलेला आहे. कसा, ते सांगतो.

आधी पद्धत. ती इतकी सोपी आहे की घरीही करता येईल. उमललेल्या अळंबीचा दांडा कापून टाकावा. छत्रीच्या खालच्या अंगाला माशाच्या कल्ल्यांसारखे पातळ पापुद्रे असतात. ती बाजू खाली येईल अशी छत्री कागदावर ठेवावी. अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा घेतला तर उत्तम, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. वर वाटी पालथी घालावी म्हणजे वारा लागत नाही. रात्रभर तशीच ठेवून सकाळी वाटी आणि छत्री अलगद उचलावी. कागदावर पापुद्र्यांची नक्षी जशीच्या तशी उतरलेली असते, चक्राच्या आऱ्यांसारखी. या ठशातला एकेक कण म्हणजे एकेक बीजाणू. तोच अळंबीचा वंश.

रोयणीच्या, म्हणजे वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. भाताच्या पेंढ्यावर उगवणाऱ्या अळंबीचाही गुलाबी. बाजारातल्या डबाबंद बटण अळंबीची जी जात, तिचा ठसा चॉकलेटी. शेणावर उगवून एका दिवसात शाई होऊन गळणाऱ्या छत्रांचा काळा. मुलांनी पाच-सहा ठिकाणची छत्रे आणली होती आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर रंगांचे प्रदर्शनच मांडले गेले. "वरून सगळी पांढरी, आणि आतून प्रत्येकाचं वेगळंच!" असे एक मुलगा म्हणाला. वर्गीकरणशास्त्राचा पहिला धडा त्याने फळ्याशिवाय शिकून घेतला होता.

पण त्या टेबलावरचा एक ठसा पाहून आम्ही गंभीर झालो. आपल्या क्रीडांगणाच्या कडेला गवतात उगवलेली ती छत्री होती. मोठी, देखणी, पांढरीशुभ्र, माथ्यावर तपकिरी खवले. दोघा-तिघांनी "ही खायचीच" असे छातीठोकपणे सांगितले होते. तिचा ठसा चक्क हिरवट आला. हिरवा ठसा देणारी ही मोठी अळंबी शास्त्रीय भाषेत क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स म्हणून ओळखली जाते. जगभरच्या उष्ण प्रदेशांत, भारतातही, पावसानंतर हिरवळीवर ती उगवते. ती खाल्ल्यास एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लबाडी अशी, की कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरेच असतात. बीजाणू पिकल्यावरच त्यांवर हिरवट झाक येते. नुसत्या डोळ्यांना जे उशिरा कळते, ते कागदावरचा ठसा एका रात्रीत सांगतो.

इथे पालकांना एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. ठसा घेणे म्हणजे अळंबी खाण्याजोगी आहे की नाही याची परीक्षा नव्हे. हिरवा ठसा धोक्याची खूण आहे, पण पांढरा ठसा निर्धोकपणाची खूण मुळीच नाही. जगातल्या सर्वांत प्राणघातक अळंब्या ज्या कुळात आहेत, त्या अमानिटांचा ठसा पांढराच असतो. त्यांच्यातले यकृत निकामी करणारे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतली माणसे होती. अळंबीबरोबर चांदीचे नाणे, लसूण किंवा तांदूळ शिजवावा आणि तो काळा पडला तर विष समजावे, अशा ज्या समजुती घरोघर आहेत, त्या खोट्या आहेत. त्यांच्यावर विसंबू नये. म्हणून शाळेत आम्ही पहिल्या दिवसापासून नियम केला. टेबलावर आलेली कोणतीही अळंबी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. ठशाची भुकटी फुंकायची नाही, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी ठसे हाताळायचे नाहीत, वहीत नोंदी करायच्या.

आता सूक्ष्मदर्शकाकडे येऊ. ठशातली चिमूटभर भुकटी सुईच्या टोकाने काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात मिसळायची. वर कव्हरस्लिप तिरकी धरून हलकेच सोडायची, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाने बुडबुडेच बीजाणू म्हणून पाहिले आणि वहीत काढलेसुद्धा! काळी जाड कड आणि आत लख्ख पांढरे दिसले तर तो बुडबुडा, हे त्यांनी चुकून-माकून शिकले आणि म्हणून ते विसरणार नाहीत. आधी शंभरपट मोठे करून जागा शोधायची, मग चारशेपट. रंगहीन बीजाणू नीट दिसावेत म्हणून प्रयोगशाळेतल्याच सॅफ्रानिनचा एक थेंब पुरतो.

रोयणीच्या अळंबीचा बीजाणू साधारण ७ मायक्रॉन लांब असतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे १४० बीजाणू ओळीने मावतील. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर दहा बीजाणू एकापुढे एक ठेवल्यावर एका केसाची रुंदी भरते. चारशेपट केल्यावर तोच बीजाणू मोहरीहून थोडा मोठा दिसतो. लंबगोल, गुळगुळीत, पातळ भिंतीचा. आणि तो हिरव्या ठशाचा? तो जवळपास दीडपट मोठा, जाड भिंतीचा, आणि एका टोकाला जणू टोक छाटून बारीक दार ठेवलेले. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि मुलांना नावे न सांगता ओळखायला सांगितले. एकानेही चूक केली नाही.

मोजायला महागडी मोजपट्टी लागते असे कुणी म्हणेल. आम्ही कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी वापरली. शंभरपटीवर ती भिंगाखाली धरली तेव्हा दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास सुमारे १.८ मिलिमीटर भरला. चारशेपटीवर वर्तुळ चारपट लहान होते, म्हणजे ०.४५ मिलिमीटर, अर्थात ४५० मायक्रॉन. मग त्या व्यासात असे किती बीजाणू ओळीने मावतील याचा अंदाज घ्यायचा आणि भागाकार करायचा. एक बीजाणू मोजून थांबायचे नाही, वीस मोजायचे आणि लहानात लहान व मोठ्यात मोठा दोन्ही लिहायचे. अपूर्णांक आणि सरासरी 'कशाला शिकायची' असे विचारणारी मुले त्या दिवशी आपणहून भागाकार करीत होती. गणिताच्या सरांनी तो वर्ग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तासालाही सूक्ष्मदर्शक मागितला. याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोणते?

हे ज्ञान आजचे नाही. पिएर अंतोनियो मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कवकांचे बीजाणू दाखवले. ते कलिंगडाच्या जातीतल्या फळांच्या फोडींवर पेरून त्यांतून तेच कवक उगवते हेही त्याने नोंदवले. त्याआधी कवके सडक्या वस्तूंतून आपोआप उपजतात असे सर्रास मानले जाई. कॅनडात विनिपेग येथे काम केलेल्या रेजिनल्ड बुलर (१८७४–१९४४) यांनी बीजाणू पापुद्र्यावरून कसा सुटतो याचा आयुष्यभर अभ्यास केला. बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूला बिलगतो आणि त्या झटक्याने बीजाणू उडी मारतो. उडी मिलिमीटरच्या अंशाएवढी. दोन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत येण्यापुरती. मग तो सरळ खाली पडतो आणि वारा त्याला नेतो. एका मोठ्या छत्रीतून असे कोट्यवधी बीजाणू सुटतात.

आपल्या भागातही हा अभ्यास झाला आहे, पण आपल्या मुलांना तो ठाऊक नसतो. पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य भारतातल्या आणि महाराष्ट्रातल्या अळंब्यांवर १९८० साली ग्रंथ प्रसिद्ध केले. ती संशोधन संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे नाव तिला दिले आहे ते आपल्या शेजारच्या मालवणचे. देशाचा राष्ट्रीय कवकसंग्रह तिथेच आहे. आणि आपल्या घरच्या गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी रोयणीच्या अळंब्यांवर अनेक वर्षे संशोधन केले आणि त्या वाचवा म्हणून वृत्तपत्रांतून सातत्याने लिहिले.

वाचवा? अळंबी तर दरवर्षी उगवते, मग वाचवायचे काय? इथेच बीजाणूचा प्रश्न भाजीच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

रोयणीची अळंबी शेतात लावता येत नाही. ती वाळवीची शेती आहे. वाळवी पालापाचोळा आणि लाकडाचा भुगा वारुळात नेते, त्याचे मधाच्या पोळ्यासारखे पोळे रचते आणि त्यावर हे कवक वाढवते. कवक लाकडाचे पचनी पडेल असे अन्न करते, वाळवी ते खाते. पावसाळ्यात त्या भूमिगत पोळ्यातून लांब मुळासारखा दांडा मातीतून वर चढतो आणि आपल्याला अळंबी दिसते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ साली या अळंब्यांच्या गणाला टर्मिटोमायसीस, म्हणजे 'वाळवीचे कवक', असे नाव दिले ते सार्थ आहे.

आता नवे वारूळ कसे वसते ते पाहा. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी उडते, तिची जोडी जमिनीत शिरते आणि नवा संसार मांडते. या कवकाच्या बहुतेक जातींत ही जोडी आपल्याबरोबर बियाणे नेत नाही. पुढे तिची पहिली कामकरी पिल्ले बाहेर पडतात आणि जमिनीवर पडलेले बीजाणू गोळा करून आणतात. ते मिळाले तर शेती सुरू होते, नाही मिळाले तर वारूळ वसत नाही. म्हणजे वरची छत्री उमलली, तिचे बीजाणू झडले, तरच आजूबाजूच्या नव्या वारुळांना बियाणे मिळणार.

आणि बाजारात भाव कुणाला? कोवळ्या, मिटलेल्या कळीला. छत्री उघडली की गिऱ्हाईक नाक मुरडते. म्हणून पहाटे अंधारात जाऊन, उमलायच्या आत, सगळाच्या सगळा ताटवा उपटला जातो. काही ठिकाणी खालून कळी लवकर मिळावी म्हणून वारूळही खणतात. एका वारुळातली एका वर्षीची कळी काढल्याने ते वारूळ मरत नाही, खाली कवक जिवंतच असते, हे खरे. पण एकेका भागातल्या साऱ्या छत्र्या वर्षानुवर्षे उमलण्याआधीच गेल्या, तर नवी वारुळे कुठल्या बियाण्यावर वसणार? आणि खणलेले वारूळ तर दरवर्षीची भाजी कायमची घेऊन जाते. मुलीने विचारलेल्या 'बी कुठं असतं' या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणूनच जड जाते. बी असते ते ज्याला आपण जून म्हणून नाकारतो त्या उमललेल्या छत्रीत.

हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, माझी आई अळमी विकते. कळ्या सोडून दिल्या तर आम्ही पावसात काय करायचं?" वर्ग शांत झाला. त्याचा प्रश्न रास्त होता. आंब्याचा मोहोर संपलेला, काजूचा हंगाम संपलेला, मजुरीचे काम पावसाने थांबलेले. अशा वेळी दोन महिने काही घरांची चूल या अळंब्यांवर पेटते. त्यांच्यावर दोष ठेवून आपण मोकळे होऊ नये. कळीच हवी ही मागणी त्यांची नाही, आपली आहे. गाडी थांबवून "उमललेली नको" म्हणणारे आपण.

म्हणून आमचे म्हणणे असे की सुरुवात गिऱ्हाइकाने करावी. ताजी उमललेली अळंबी तितकीच चविष्ट लागते, फक्त टिकत कमी. ती त्याच दिवशी शिजवावी. तिला कळीइतकाच भाव द्यावा. विकणारीला स्पष्ट सांगावे, की उमललेली असली तरी घेऊ. तसे झाले तर पहाटेच्या अंधारात सगळे उपटण्याची घाई कमी होईल, आणि तोडण्याआधी एखादा दिवस तरी बीजाणू रानात पडतील. तोडणाऱ्यांनी प्रत्येक ताटव्यातल्या दोन-तीन छत्र्या सोडाव्यात आणि वारूळ खणू नये. अभयारण्यातून काहीही उचलून नेण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे, हेही मुलांना माहीत असावे. त्या मुलाने घरी जाऊन आईला ठसा दाखवला. पुढच्या आठवड्यात तो आम्हाला सांगत आला, "आई म्हणते, आमच्या आजीच्या वेळी शेवटची चार सोडायचीच रीत होती." शास्त्र आणि रीत एकाच जागी येऊन भेटली, ती अशी.

आणि रीत तरी आपल्याकडे काय थोडी आहे? गोव्यातल्या कितीतरी गावांची ग्रामदेवता सातेरी. तिची पूजा वारुळाच्या रूपात होते. गाभाऱ्यात वारूळ वाढत असलेली देवळे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. ज्या मातीच्या ढिगाला पूर्वजांनी देवी मानून हात जोडले, तोच ढीग रानात कुदळीने फोडायचा, यात काही चुकते आहे असे आपल्याला वाटायला हवे. श्रद्धा असो वा नसो, वारूळ न मोडण्याचे कारण सूक्ष्मदर्शकातूनही तितकेच स्वच्छ दिसते.

आता काही आक्षेप. पालकसभेत एका पालकांनी विचारले, की हे सगळे संगणकावर दिसते, मग ओल्या अळंब्या वर्गात कशाला? चित्र सुंदर असते, मान्य. पण चित्रात दुसऱ्याने काय पाहिले ते दिसते. बुडबुडा आणि बीजाणू यांतला फरक चित्र शिकवत नाही, कारण चित्रातला बुडबुडा कुणीतरी आधीच काढून टाकलेला असतो. दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा. परीक्षेत अळंबीवर फार तर दोन गुणांचा प्रश्न येतो. खरे आहे. पण मोजणे, नोंदणे, चुकणे, पुन्हा पाहणे, दुसऱ्याच्या वहीशी ताडून पाहणे हे कोणत्या प्रश्नपत्रिकेत लागत नाही? तिसरा आक्षेप भीतीचा, मुले उद्या रानातली छत्रे खातील. आमचा अनुभव उलटा आहे. हिरवा ठसा ज्याने स्वतः पाहिला, तो आता घरच्यांनाही अडवतो.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात आहे. आपली मुले प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून. घरी अळमी, पुस्तकात मशरूम, आणि दोन्ही एकच हे कळायला कधी कधी कित्येक वर्षे जातात. म्हणून या अभ्यासाची वही आम्ही मुद्दाम अशी आखली, की वरच्या ओळीत आजीकडून कळलेले नाव, मग कुठे उगवली, कोणत्या नक्षत्रात उगवली, त्याखाली ठशाचा रंग, बीजाणूचे चित्र आणि मायक्रॉनमधले माप. शेवटी, खात्री असेल तरच, शास्त्रीय नाव. आजीचे नाव आणि मायक्रॉनचे माप एका पानावर आले की भाषा आणि विज्ञान ही दोन वेगळी दप्तरे राहत नाहीत. काही आजींनी या निमित्ताने जी नावे सांगितली ती आम्हीही प्रथमच ऐकली. ती लिहून ठेवणारे दुसरे कोण आहे?

म्हणून शेवटी तीन विनंत्या.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी, की नवे मोठे काही नको. आहेत ती चार यंत्रे स्वच्छ करून द्यावीत. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहानसा बल्ब बसवावा, म्हणजे दमट हवेत भिंगांवर बुरशी धरणार नाही. सवड होईल तेव्हा एका यंत्राला हजारपट दाखवणारे तेलातले भिंग जोडावे. आणि कपाटाची किल्ली कार्यालयात न ठेवता प्रयोगशाळेत ठेवण्याची परवानगी द्यावी. या शेवटच्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही.

पालकांना विनंती अशी, की या पावसात एकदा तरी उमललेली अळंबी विकत घ्या, आणि शिजवण्याआधी तिच्यातली एक मुलांच्या हाती द्या. रात्री वाटीखाली ठेवा. सकाळी कागद पाहताना मुलांच्या शेजारी बसा. ती एक मात्र खाऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला विनंती नाही, आमंत्रण आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की डोळे उघडे ठेवा. दिसलेले सगळे उपटू नका. एक आणा, बाकीची उमलू द्या. ज्या मुलीने 'बी कुठं असतं' असे विचारले, तिच्या वहीत आज अकरा ठसे आहेत. पुढच्या वर्षी तुमच्या वहीत किती असतील ते पाहायला आम्ही प्रयोगशाळेत थांबलेले असू.